दर खेपेस

लखोटा हातात आला की मोठे बाबू तो आधी पालथा करत. कोणाचं नाव आहे ते पुढच्या बाजूला असतं आणि ते वाचायची त्यांना कधी घाई नसे. मागच्या लाखेवरून बोट फिरवायचं, ती कुठे तडकली नाही ना ते पाहायचं आणि लखोटा तसाच पालथा पेटीच्या फटीतून आत सोडायचा. आणणारा ठेकेदार हसत समोर उभा असे. त्याला वाटे, आता बाबू काहीतरी विचारतील, आपणही दोन गोड शब्द बोलू. मोठे बाबू त्याच्याकडे न पाहताच म्हणत, "पोचला. काय सांगायचं ते आत सांगतलं असनच. लखोटा फुटला का तोंड बंद."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा लखोटा उघडून दर वाचला की मग 'माझं म्हणणं तसं नव्हतं', 'लिहिणाऱ्यानं चुकवलं' असलं काही ते ऐकून घेत नसत. टेंडराची सगळी अब्रू या एका वाक्यावर उभी आहे, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांचं मत म्हणजे आमच्या कचेरीत कायदाच होता.

आमची नगरपालिका वणीच्या बाजूच्या एका लहानशा कापसाच्या गावची. दिवाबत्ती, मैला उचलणं, उन्हाळ्यातलं पाणी ही कामं नगरपालिका ठेक्यानं देत असे. त्याची टेंडरं मागवायची, उघडायची, दरांचा तक्ता करून कमिटीपुढे ठेवायचा, हे सगळं हेडक्लार्कांकडे. त्यांनाच आम्ही मोठे बाबू म्हणत असू. मी घरपट्टीच्या टेबलावर, त्यांच्या डाव्या हाताला, अकरा वर्षं बसलो. तुमच्याही गावच्या कचेरीत असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याच्यापुढे नळकांड्यासारखी गुंडाळलेली छत्री असते, टोपी खुंटीला असते आणि त्याचं घड्याळ कचेरीतल्या घड्याळापेक्षा खरं धरतात.

टेंडराची वेळ दुपारी तीनची. तीन म्हणजे तीन. एकदा दिवाबत्तीच्या टेंडराला त्यांचे सख्खे साडू तीन वाजून पाच मिनिटांनी लखोटा घेऊन आले. सायकल पंक्चर झाली होती, घामाघूम झाले होते. मोठ्या बाबूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी निरोप पाठवून रात्रीच्या जेवणाचं सांगितलं. लखोटा मात्र घेतला नाही. साडू जेवायला गेले की नाही ते मला माहीत नाही. मी असतो तर गेलो नसतो.

दुसरी गोष्ट संत्र्यांची. दिवाळीत एका ठेकेदारानं त्यांच्या टेबलावर संत्र्यांची टोपली ठेवून पळ काढला. मोठ्या बाबूंनी आवक रजिस्टर ओढलं आणि नोंद केली: 'संत्री, टोपली एक.' मग जावक रजिस्टरात नोंद करून टोपली शिपायाबरोबर परत पाठवायला काढली. मध्ये दोन दिवस सुट्टीचे गेले होते, त्यात एक संत्रं नासलं. तेव्हा बाजारातून एक संत्रं स्वतः विकत आणून त्यांनी टोपली पुरी केली. शिपाई जाताना मला हळूच म्हणाला, "भाऊ, ह्यायले देवानं काहून पाठोलं असन इथं?" मलाही तोच प्रश्न होता.

आता हा माणूस काही वाळलेलं लाकूड नव्हता. त्यांनाही हवं असलेलं काहीतरी होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे सेक्रेटरी त्या वर्षी जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्या जागेवर मोठे बाबूच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एकोणतीस वर्षांची नोकरी आणि सर्व्हिस बुकात एकही वाईट शेरा नाही. सेक्रेटरीच्या जागेबरोबर कचेरीमागचं क्वार्टर मिळायचं, आणि त्या क्वार्टरच्या परसात विहीर होती.

विहिरीचं मी मुद्दाम सांगतो आहे. मोठ्या बाबूंचं घर टेकडीवरच्या वस्तीत होतं. चैत्र लागला की तिथल्या विहिरींचे तळ दिसत. नगरपालिकेनं बांधलेला हौद त्यांच्या दारापासून पंधरा पावलांवर. पण मागच्या उन्हाळ्यात ज्याला पाण्याचा ठेका गेला, त्यानं बाजारपेठेतले हौद भरले आणि टेकडीवर गाडी म्हणून चढवली नाही. चढाला बैल दमतात, असं त्याचं म्हणणं. हौदात कुत्री झोपत. मोठ्या बाबूंच्या घरच्या काकू पाण्याचे दोन पितळी गुंड, म्हणजे हंडे, घेऊन खालच्या आळीपर्यंत येत, आणि हेडक्लार्कची बायको म्हणून कोणी त्यांना रांगेत पुढे घेत नसे. काकूंनी क्वार्टरच्या विहिरीत एकदा डोकावून पाहिलं होतं आणि 'पाणी गोडं हाये का?' असं सेक्रेटरींच्या बायकोला विचारलंही होतं. हे मला माझ्या बायकोकडून कळलं.

त्या वर्षी महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. मराठीत कारभार करायचा असं सगळीकडे बोललं जात होतं. आमचे अध्यक्ष वकील होते, त्यांनी सभेत सांगून टाकलं, यंदाची पाण्याची टेंडर-नोटीस मराठीत निघेल. आजवर ती जुन्या मध्यप्रांताच्या छापील इंग्रजी फॉर्मवर निघत असे आणि ती वाचू शकणारे ठेकेदार गावात तीनच होते.

मोठ्या बाबूंच्या अंगात वारं शिरलं. आठ दिवस ते कागदात डोकं खुपसून बसले. 'टेंडर'ला 'निविदा' हा शब्द त्यांनी कुठून तरी मिळवला. मागच्या उन्हाळ्याचा अनुभव डोळ्यांपुढे होता, म्हणून दरपत्रकाला त्यांनी दुसरा एक कागद जोडला: 'काम कसे करणार ते लिहावे.' गाड्या किती, बैल किती, बैल आजारी पडल्यास काय करणार, टेकडीचा चढ कसा चढणार. नुसता दर पाहून ठेका द्यायचा नाही, दोन्ही कागद पाहून द्यायचा, असा ठरावही त्यांनी कमिटीकडून करून घेतला. आणि इंग्रजी फॉर्मात जिथं गाडीच्या 'ट्रिप'चा दर मागितला होता, तिथं त्यांनी लिहिलं: 'नदीवरून हौदापर्यंत पाणी पोचविणे, दर खेपेस किती.'

"'ट्रिप, ट्रिप' करून राह्यलो आपण इतके वर्षं," ते मला म्हणाले, "आन् आपल्या घरात किती गोड शब्द पडला होता पाह्य. खेप." त्यांनी नोटीस आम्हा सर्वांना वाचून दाखवली. आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली, हे कबूल करतो.

नोटिशीची दवंडी द्यायचं ठरलं. दवंडीवाल्याच्या तोंडात 'निविदा' काही बसेना. त्यानं बाजारात ढोल बडवून सांगितलं, "नगरपालिकेत पाण्यासाठी नैवेद्य मागवले हायेत होऽऽ." दुसऱ्या दिवशी एक म्हातारी कचेरीत येऊन विचारून गेली की नैवेद्य कोणत्या देवाचा आणि पुरणाचा चालतो का. मोठ्या बाबूंनी तिला बसवून सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे ठेका म्हणा ना, बाप्पा."

पण या दवंडीनंच नायक आला. गावापासून दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा होता, त्याचा हा नायक. पन्नाशीचा, लाल पागोट्याचा, सावकाश बोलणारा. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून मुलूख पालथे घातलेले. आता तांड्यानं शेती धरली होती आणि उन्हाळ्यात बैल रिकामे असत. नगरपालिकेच्या दारात ठेक्यासाठी तांड्यातलं माणूस आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मोठ्या बाबूंनी त्याचा लखोटा पालथा केला आणि थबकले. लाखेवर गोल गोल खड्डे होते.

"मोहोर नाही साहेब आमच्यापाशी," नायक म्हणाला. "बळदाच्या, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू दाबलं. चालते का?"

जुने ठेकेदार बाकावर बसले होते, ते फिस्सकन हसले. मोठ्या बाबूंनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. "'मोहोरबंद असावा' असं लिव्हलं हाये. कायची मोहोर, ते नाही लिव्हलं. चालते." लखोटा पेटीत गेला. मग नेहमीचं वाक्य झालं. नायकानं ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर हाये. आमच्या मास्तरनं सगळं आत लिव्हलं."

तीन वाजता सभागृहात लखोटे फुटले. आले होते दोनच. जुन्या ठेकेदाराचा दर मागच्या वर्षीचाच होता. 'काम कसे करणार' या कागदावर त्यानं एकच शब्द लिहिला होता: 'नेहमीप्रमाणे.' मग नायकाचा दर वाचला गेला, आणि एक क्षण कोणाला खरंच वाटेना. तो जुन्या दराच्या जवळजवळ सहापट होता. सभागृह खदखदून हसलं. "नायक," जुना ठेकेदार म्हणाला, "पाणी आणतं का तूप?"

नायक गडबडून उभा राहिला. "साहेब, ते असं हाये का..."

मोठ्या बाबूंनी हात वर केला. "लखोटा फुटला का तोंड बंद." नायक खाली बसला.  

दुसरा कागद वाचायचाच होता. त्यात तांड्याच्या शाळेच्या मास्तरानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं की गाड्या सहा, बैल बारा, शिवाय दोन बदलीचे. आणि खाली बैलांची नावं होती. कोणीतरी ती वाचायला सांगितली, मजा म्हणून. मोठ्या बाबूंनी ती एकाच सुरात वाचली: हिरा, मोती, ढवळ्या, लाल्या, सर्जा, राजा, हरण्या, भोऱ्या, चितंग्या, गुलाब, पाखऱ्या. बारावं नाव होतं वकील. हे नाव वाचताना त्यांनी अध्यक्षांकडे पाहायचं टाळलं, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. बैल उभा राहिला की हलत नसे म्हणून तांड्यानं त्याला ते नाव दिलं होतं, हे मला पुढे कळलं.

नायक निघून गेला. तक्ता करायचं काम उरलं होतं आणि त्यात काही ठरवण्यासारखं नव्हतं. एकीकडे जुना दर, दुसरीकडे सहापट. संध्याकाळी मी निघताना पाहिलं तर मोठे बाबू टीपकागदावर भागाकार करत बसले होते. "सहा गाड्या," ते म्हणाले, "आन् सहापट." मग टीपकागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

नायकाला विचारता येत नव्हतं. निविदा चालू असताना निविदावाल्याशी बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मोठे बाबू मला घेऊन बाजारात गेले आणि दिसेल त्याला विचारू लागले, "का हो, खेप म्हंजे किती?"

गाढवांवर विटा वाहणारा कुंभार म्हणाला, "माह्ये सगळे गाढवं एकडाव गेले न आले, का एक खेप." मोळीवाली म्हणाली, डोक्यावर एकदा घेतलं की खेप. दूधवाल्याची सकाळची एक आणि संध्याकाळची एक. हमालाच्या लेखी एक पोतं म्हणजे खेप, मग ते वखारीत टाका की वैकुंठात. शेवटी डिंक विकायला बसलेली तांड्यातली एक म्हातारी भेटली. हातभर बांगड्या, समोर डिंकाचे खडे. तिनं मोठ्या बाबूंकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, हा माणूस शिकलेला आहे की नाही.

"सगळ्या गाड्या मिळून जातेत अन् मिळून येतेत, ते खेप," ती म्हणाली. "एकटी गाडी कुठी जाते, बापू?"

मोठे बाबू तिथंच एका दगडावर टेकले. त्यांनी टोपी काढली आणि घाम पुसला. मी म्हटलं, "जाऊ द्या बाबूजी, इंग्रजी फॉर्मच बरा होता." ते म्हणाले, "फॉर्म बराच होता. त्यात गाडी लिव्हलेली होती. मीनं खेप आणली अन् गाडी काहाडून टाकली. वाचाले गोड लागलं पाह्यजे म्हून." नायकाचा दर सहा गाड्यांचा होता. सहानं भागला तर तो जुन्या ठेकेदाराच्या दराहून खाली येत होता.

आता तुम्ही म्हणाल, मग भागायचा आणि मोकळं व्हायचं. पण फुटलेल्या लखोट्यातला आकडा कोणी भागायचा? आज दयेनं भागला तर उद्या कोणी लाचेनं भागेल. हे मी म्हणत नाही, ते म्हणाले, आणि मला ते पटलं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं, म्हणजे ठेका जुन्या ठेकेदाराला जाणार, टेकडीवरचा हौद कुत्र्यांचा राहणार आणि जूनमध्ये आपण सेक्रेटरी होणार. किंवा लिहून द्यायचं की नोटीसच चुकली.

त्यांनी लिहून दिलं. टिपणी सहा ओळींची होती. 'सूचनेत खेप हा शब्द गाडी न लिहिता वापरल्याने त्याचे अनेक अर्थ होतात. शब्द माझा आहे. निविदा पुन्हा मागवावी. टेकडीवरील वस्तीत माझे स्वतःचे घर आहे, हेही नमूद करतो.' शेवटचं वाक्य कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कोनी तरी म्हननच. मंग आपनच म्हनलेलं काय वाईट?" आणि तसंच झालं. बातमी फुटल्यावर जुना ठेकेदार चहाच्या दुकानात बोललाच की बाबूले दारातला हौद भराचा हाये.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. त्यांनी मोठ्या बाबूंना खोलीत बोलावलं. मी फायली घेऊन तिथंच होतो.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" अध्यक्ष म्हणाले. "त्या नायकानं तक्रार केली आहे का? नाही ना? मग ही टिपणी परत घ्या. ती फायलीला लागली तर मला तुमच्या सर्व्हिस बुकात शेरा द्यावा लागेल. आणि शेरा असलेल्या माणसाचं नाव जूनमध्ये मी सभेपुढे कोणत्या तोंडानं मांडू?"

"नका मांडू, साहेब," मोठे बाबू म्हणाले. "पन टिपनी लावा."

अध्यक्षांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग टिपणीवर सही केली. त्यांना राग आला होता, पण त्यांच्याकडे पाहताना मला वाटलं, थोडा हेवाही होता.

आठ दिवसांच्या मुदतीची दुसरी नोटीस निघाली. या वेळी त्यात असं काही सौंदर्य उरलं नव्हतं: 'एका गाडीने नदीवरून भरलेले एक पिंप हौदात रिकामे करणे, याचा दर.' दवंडीवाल्याला 'ठेका' म्हणायची परवानगी मिळाली. जुना ठेकेदार निश्चिंत होता. टिपणीतला शब्दाचा घोळ त्यानं मनावर घेतलाच नव्हता; समोर सहापट दरवाला तांडेवाला, मग भीती कसली? त्यानं संधी साधून आपला दर वाढवला. दुसऱ्या कागदावर पुन्हा तेच, 'नेहमीप्रमाणे.' नायकाचा लखोटा आला, घुंगराच्या ठशाचा. दर एका गाडीचा होता आणि खाली तीच बारा नावं.

कमिटीत वादावादी झाली. तांडेवाले वेळेवर येतील का, होळी आली की चार दिवस नाचत बसतील, असं एक सभासद म्हणाले. मोठे बाबू सभेत स्वतःहून कधी बोलत नसत. त्यांनी फक्त दोघांचे दुसरे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर एक शब्द होता, दुसऱ्यावर बारा बैल. ठेका नायकाला गेला.

त्याच सभेनंतर शेऱ्याचं काम झालं. आता गंमत अशी की सगळ्यांची सर्व्हिस बुकं मोठ्या बाबूंच्याच कपाटात असत आणि त्यांत नोंदी त्यांच्याच अक्षरात होत. त्यांनी स्वतःचं बुक काढलं, लाल शाईची दौत उघडली आणि अध्यक्षांना विचारलं, "काय लिहू, साहेब?"

"लिहा, सूचनेच्या मजकुरात निष्काळजीपणा."

"निष्काळजीपना नव्हता, साहेब. आठ दिवस काळजीच करून राह्यलो होतो. चूक म्हना."

"बरं, चूक."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच टपोरं. अध्यक्षांनी सही केली, यांनी टीपकागद दाबला आणि बुक कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी मान खाली घालून घरपट्टीची बेरीज करत बसलो. ती चुकली.

त्या उन्हाळ्यात टेकडीवर रोज सकाळी सहा गाड्या ओळीनं चढत. सगळं गोडच झालं असं मात्र नाही. एक दिवस एका गाडीचा आस तुटला तर बाकीच्या पाचही थांबल्या. मिळून जायचं, मिळून यायचं. हौद कोरडा राहिला आणि बाया मोठ्या बाबूंच्या दारात येऊन भांडल्या. त्यांनी कचेरीत येऊन पहिलं काम केलं ते नायकाला दंडाची नोटीस काढायचं. मला ते क्रूर वाटलं आणि मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "मानूस चांगला हाये म्हून पानी थोडंच येते?" नायकानं दंड भरला. "बराबर हाये," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून एखादी गाडी बिघडली तरी बाकीच्या येऊ लागल्या. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही म्हणे.

जूनमध्ये नवे सेक्रेटरी अमरावतीकडून आले. तरणे, हुशार, टाय बांधणारे. ते क्वार्टरात राहायला गेले. मोठे बाबू त्यांना उभं राहून नमस्कार करत आणि त्यांच्या इंग्रजी मसुद्यातली स्पेलिंगं गुपचूप दुरुस्त करत. त्यांच्यात काही बदल मला दिसला असेल तर एकच. त्यानंतर कोणतीही नोटीस निघायच्या आधी ते बाजाराच्या दिवशी ती खिशात घालून जात, आणि ज्यांच्या हातून ते काम व्हायचं अशा दोघा-चौघांना वाचून दाखवत. "काय समजलं ते सांगा," असं म्हणत. जे समजलं ते भलतंच असलं तर खूश होऊन परत येत.

मी त्यांना कधी विचारलं नाही की पस्तावलात का. विचारायला हवं होतं. अकरा वर्षांत त्या टेबलावर आम्ही पाऊस, कापूस, लग्नं, मुलांच्या परीक्षा, सगळ्यावर बोललो आणि हे एक तेवढं राहिलं. मला वाटे, ते रात्री काकूंना काय सांगत असतील? कारण विहीर काकूंची गेली होती.

निवृत्तीला आठ महिने असताना ते गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत निरोप. मी फार रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेराव्यानंतर काकू फंडाच्या कागदांवर सह्या करायला कचेरीत आल्या. सोबत भाचा होता, तो बाहेर थांबला. सर्व्हिस बुकाच्या प्रत्येक पानावर वारसाची सही लागत होती. मी पानं उलटत होतो, त्या सही करत होत्या, सावकाश, चौथी शिकलेल्या बाईच्या घट्ट अक्षरात. ते पान आलं तेव्हा मी हात जरा पुढे सरकवला आणि शाई झाकली.

"थांबा भाऊ," काकू म्हणाल्या. "लाल शाईनं काय लिव्हलं हाये?"

मी हात काढला. मग वाचून दाखवलं. तारीखही वाचली. त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"ह्या रोजी त्यायनं पेढे आनले होते," त्या म्हणाल्या.

मी पान तसंच धरून ठेवलं.

"मले वाटलं, सेक्रेटरीचं नक्की झालं. हे तं काहीच सांगेनात, नुसते पेढे खाऊन राह्यले. मीनं शेजारी सांगतलं. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले, तं मी गुंड-घागरी पोत्यात बांधाले घेतल्या. भाच्याले बाजारात पाठवून विहिरीसाठी दोर आनला, चांगला वीस हात. संध्याकाळी आले अन् पाह्यतात तं घरभर सामान." काकूंच्या तोंडावर हसू आलं आणि तसंच राहिलं. "मंग बसले तिथंच, पोत्यावर. म्हने, येडे, दोर कायले आनला? पानी दारात येऊन राह्यलं."

खिडकीबाहेर कोणीतरी घरपट्टीसाठी मला हाक मारत होतं. मी त्याला थांबायला सांगितलं.

"तो दोर हाये अजून," काकू म्हणाल्या. "भिजलाच नाही कधी." आणि बोट पानावर फिरवत त्यांनी विचारलं की इथं सही नेमकी कुठी कराची.